पोरीची पिशवी

माझी लेक शिकायला संभाजीनगरला गेली आणि तिनं आणलेलं कुत्रं आमच्या गळ्यात पडलं. गावरानच होतं, तांबूस रंगाचं, एक कान पडलेलं. तिच्या इथल्या कॉलेजमागं कुणीतरी टाकून दिलं होतं. मादी होती म्हणूनच टाकलं असणार. लेक होस्टेलवर गेल्यावर नाव ठेवायचंही राहून गेलं. माझी आई तिला 'पोरी' म्हणायला लागली आणि तेच पडलं.

वडील गेल्यावर आई देवणीकडचं गाव सोडून नांदेडला माझ्याकडे राहायला आली होती. नवऱ्याची बदली लातूरला झालेली, तो शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मी रोज रेल्वेनं मुदखेडच्या ऑफिसला. म्हणजे दिवसभर घरात आई आणि पोरी. आईची हाडं दुखायची, खाली बसलं की उठायला भिंत धरावी लागायची. पोरी तिच्या बाजेखाली पडून असायची.

शेवटच्या लसीच्या वेळी कुत्र्यांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "पिल्लं हवीत का?"

"नको."

"मग पहिल्यांदा माजावर यायच्या आत ऑपरेशन करून घ्या. उशीर करू नका."

मी हो म्हटलं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, तू ठरव. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "मम्मी, तूच ठरव ना, तुझ्याजवळ आहे ती." त्या दिवसांत माझं असंच चाललं होतं. गॅसचा नंबर कधी लावायचा, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी करायचं, लेकीच्या होस्टेलची खोली बदलायची का, सगळं माझ्यावर. आईच्या मोतीबिंदूचं झालं, मग मलाच ताप आला, मग ऑफिसात सुट्ट्या बंद झाल्या. पोरीचं मागं पडत गेलं.

आईचा तर पहिल्यापासून विरोधच होता. "मुक्या जनावराला कापायलीस कामून? काय बिघडवलं तिनं तुझं?" शेजारच्या खाला, सगळ्या गल्लीच्या मावशी, भिंतीवरून म्हणायच्या, "एक बार बच्चे होने दो उसके, फिर करो. मां बने बगैर कैसा करते?" मला दोघींशी वाद घालायचं त्राण नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर मी चप्पल काढून तशीच फरशीवर बसायची. पोरी येऊन माझ्या पायांचा वास घ्यायची आणि परत आईकडे जायची.

एका सकाळी मी कणीक मळत होते. आई हातात फडकं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुझं परत सुरू झालंय का गं?"

माझी पाळी जवळजवळ थांबत आली होती. कधी यायची, कधी दोन-दोन महिने नाही. मी नाही म्हटलं. आईनं फरशी दाखवली. बाजेपासून दारापर्यंत रक्ताचे थेंब होते. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो, तेवढ्यात पोरी बाजेखालून निघाली आणि मागं वळून स्वतःला चाटायला लागली.

"अगं बाई, ही मोठी झाली की," आई म्हणाली.

मी तशीच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आता थांबा. माजात असताना आतल्या शिरा फुगलेल्या असतात, ऑपरेशन करता येतं पण रक्त जास्त जातं. दोन-अडीच महिने जाऊ द्या, मग आणा. तोपर्यंत बाहेर सोडू नका.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. गल्लीतलीच नव्हे, कुठली कुठली कुत्री येऊन फाटकासमोर बसायची. भांडायची, कंपाउंडवर पाय लावून उभी राहायची. आई खुर्ची टाकून काठी घेऊन दारात बसायची. मी रेल्वेत असताना तिचा फोन यायचा, "एक काळं आत उडी मारायलं होतं, हाणून लावलं." खालांनी त्यांच्या दुकानातलं जुनं ताडपत्रीचं कापड आणून दिलं, ते आम्ही फाटकाला आतून बांधलं. सकाळ-संध्याकाळ मी पोरीला साखळीनं गच्चीवर न्यायची. तीही बदलली होती. दाराशी नाक लावून कण्हायची, भाकरी हुंगून तशीच सोडायची. मी चिडून दोनदा ओरडले तिच्यावर. आई म्हणाली, "तिच्या हातात हाय का ते?"

पोरी सुटली नाही, एवढं एक बरं झालं. डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपत आले. मी नवऱ्याला सांगून ठेवलं, ऑफिसात रजेचं बोलून ठेवलं. आणि मग एका संध्याकाळी घरी आले तर पोरी दारात आलीच नाही.

ती बाजेखाली होती. आईचा गुडघ्याचा पट्टा, माझा एक मोजा आणि कुठून तरी ओढून आणलेली गुंडाळलेली ओढणी, एवढं पोटाशी घेऊन पडली होती. मी हात घातला तर गुरगुरली. आजवर ती माझ्यावर कधी गुरगुरली नव्हती. आई म्हणाली, "सकाळपासून असंच करायली. ओढणी चाटायली लेकरावाणी. थानं बघ तिची." थानं खरंच भरली होती. दाबलं तर दूध आलं.

माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की कुठला तरी कुत्रा आत आलाच होता आणि आम्हाला कळलं नाही. रिक्षानं तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी केली. पोटात काही नव्हतं.

"खोटं गाभणपण आहे हे," ते म्हणाले. "काही कुत्र्यांना होतं. शरीराला वाटतं पिल्लं झाली. दूध आटू द्या, थानं चोळू नका, मग ऑपरेशन करू. आत्ता केलं तर हे लांबत राहतं."

परत थांबायचं. त्या दिवशी रिक्षात मी पोरीला मांडीवर घेऊन बसले आणि मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. नुसता थकवा होता.

पुढचे दिवस आईच तिच्याजवळ असायची. पोरी ओढणी तोंडात धरून घरभर फिरायची, जागा शोधायची, कोपऱ्यात फरशी खरवडायची. कुणी ओढणी उचलली तर मागं मागं येऊन कण्हायची. आई आधी हसली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हसणं थांबलं. मी भाजी निवडत होते तेव्हा तिनं विचारलं, "दर येळी असंच होतंय का तिला?"

"होऊ शकतं म्हणाले डॉक्टर. दर माजानंतर."

आईनं पायानं ओढणी पोरीकडे सरकवली. मग म्हणाली, "मग काढ माय पिशवी. पर मला घेऊन चल. मला इचारायचंय त्याला."

आईचीही पिशवी काढलेली होती. मी तेव्हा शाळेत होते. गावातल्या चार-पाच बायका मिळून लातूरला गेल्या होत्या आणि सगळ्याच पिशवी काढून आल्या. त्या दिवसांत भाकरी मी थापायची, एवढंच मला आठवतं. आई लवकरच परत खुरपायला जायला लागली होती. तिनं त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दूध आटल्यावर एका सकाळी पोरीला उपाशी ठेवून आम्ही दोघी तिला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण आईसाठी खुर्ची ओढून दिली. आईनं पदर सावरला आणि विचारलं, "नुसती पिशवीच काढता का आजूबाजूचं बी काढता?"

"अंडाशयंही काढतो, आजी. ती ठेवली तर परत माजावर येते. पुन्हा हेच सगळं."

"माझं बी समदंच काढलं होतं," आई म्हणाली. "तीस वर्सांची बी नव्हते मी. नंतर अंग भाजल्यावाणी व्हायचं. झोप न्हाई. रानात काम करता करता घामानं भिजून जायची, थंडीत बी. हिला होतं का तसं?"

डॉक्टर म्हणाले, "कुत्र्यांत तसं दिसत नाही, आजी."

"दिसत न्हाई. आमचं बी दिसत नव्हतं कुणाला."

  मग डॉक्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवून तिला नीट समजावलं. कुत्रीला बाईसारखी पाळी नसते, तिचं शरीर वेगळं चालतं. वजन वाढू शकतं, कधी म्हातारपणी लघवीचा त्रास होतो. न काढलं तर पुढं पिशवीत पू होऊन जीवावर बेतू शकतं. आईनं सगळं ऐकून घेतलं. "मला कुणी एवढं सांगितलं न्हाई," ती म्हणाली, आणि पोरीच्या पाठीवरनं हात फिरवून म्हणाली, "घेऊन जा."

आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. तिथं आईनं पहिल्यांदा सांगितलं. लातूरचा डॉक्टर म्हणाला होता, पिशवी सडलीय, कॅन्सर होईल. पोटात दुखत होतं हे खरं, पण एवढंच. सोबतच्या बायकांनाही हेच सांगितलं होतं. घरी विचारायलाही जाऊ दिलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच टेबलावर घेतलं. "तुझ्या बापाला सांगितलं तर ते म्हणाले, बरं झालं, कटकट गेली." ती हे रागानं म्हणत नव्हती. मी तिचा हात धरावा की नाही ते मला कळेना. शेवटी धरला.

दुपारी पोरीला बाहेर आणलं. डोळे अर्धे उघडे, जीभ बाहेर, पोटावर पट्टी. घरी आणून बाजेजवळ चादरीवर निजवली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला होता, तो तिला दारात, खुर्चीला, माझ्या पायाला अडकायचा. औषधं मी भाकरीत दाबून द्यायची, ती भाकरी खाऊन गोळी तेवढी थुंकून द्यायची. टाके सुकले. हळूहळू ती परत वासाला, आवाजाला उठून जायला लागली. जरा जाड झाली आहे, आणि भाकरीवर दूध घातल्याशिवाय खात नाही. ती सवय आईनं लावली.

त्यानंतर मी आईला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना आईच्या ऑपरेशनचं सांगितलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, इतक्या कमी वयात सगळं काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, तेव्हापासूनच गोळ्या चालू करायला पाहिजे होत्या. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आता सांगायलेत." मी औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिले. ती सावलीत एका पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी मला परत मुदखेडची गाडी धरायची होती.