तबकडीवर न छापलेला वेग

सकाळी बेकरीत आल्यावर डॉरीन कुबिएक आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून उभी राहायची. बोटं परक्यांसारखी ताठ असत. पाण्यात ती हळूहळू तिची व्हायची, मग ती पीठ मळायला घ्यायची. मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या या बेकरीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि तरुणपणाची काही वर्षं ड्रमच्या मागे. दोन्हीकडे राबले ते हेच हात. आता ते थकले होते, आणि त्यांच्याविषयी तिची काही तक्रार नव्हती.

ईस्टरआधीचे उपास लागायच्या तोंडावर पोंच्कींची धांदल असते. आलुबुखाराचा मुरंबा भरलेले हे तळलेले गोळे घ्यायला रांग चर्चच्या कोपऱ्यापर्यंत जाते. त्याच धांदलीत वेस लिंडग्रेनचा फोन आला. वेस शहराची बस चालवायचा. त्याआधी तो डॉरीनच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि गायचा.

"डॉरीन, बसलीयस का?"

"या दिवसांत बेकरीत कोण बसतं? बोल लवकर."

"आपल्या पोलिश हॉलचा बॉयलर गेला, आत नुसता गारठा आहे."

"मग बॉयलरवाल्याला फोन कर. मी पाव करते."

"नवा बसवायचाय. त्यासाठी रविवारी दुपारी कार्यक्रम ठेवलाय. सगळे म्हणतायत, वेट मिटन्स वाजवणार असतील तर येतो."

डॉरीनने पिठाने माखलेल्या बोटांकडे पाहिलं. "सगळे म्हणजे कोण? आपल्या लोकांचे गुडघे बदलून झालेत, वेस."

"तेच येणार आहेत. गुडघे घेऊन."

ती हसली, पण हो म्हणाली नाही.

वेट मिटन्स हे त्यांच्या बँडचं नाव, म्हणजे ओले हातमोजे. हिवाळ्यात शाळेच्या हीटरवर वाळत घातलेल्या लोकरीचा जो वास येतो, तो या शहरात वाढलेल्या प्रत्येकाच्या नाकात असतो. नाव मार्वने ठेवलं होतं. मार्व बास वाजवायचा. तिघंही तेव्हा शाळेतून नुकते बाहेर पडले होते आणि तिघांनाही धड काही वाजवता येत नव्हतं. त्यांच्या पंक संगीतात ती अडचण नव्हती. गिटारवर तीन कॉर्ड धरता आल्या की पुरे. गाणं दीड मिनिटाचं. त्यात घरमालक, कातडी कमावायच्या कारखान्याचा वास, वेळेवर न येणारी बस. वेस ही गाणी जाड, खालच्या आवाजात गायचा, कुणाची तरी समजूत काढत असल्यासारखी. ड्रम मात्र वेगळे होते. डॉरीनचे वडील लग्नांमध्ये पोल्का नाचाला ड्रम वाजवत, याच पोलिश हॉलमध्ये. तिने ताल शिकला तो त्यांच्या मांडीवर बसून, त्यांच्या मनगटांच्या आत आपली मनगटं ठेवून. पंकच्या खाली तिने तोच ताल घातला. एक पाय जमिनीवर, एक हवेत, असा उड्या मारत जाणारा. दुसरा तिला येतच नव्हता.

मग त्यांनी तबकडी काढली. तबकडी लहान आणि गाणी आठ, ती मावावीत म्हणून तबकडी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या संथ वेगासाठी कापून घेतली. वास्तविक लहान तबकड्या पंचेचाळीसच्या वेगाने वाजतात, जगभर. मधला गोल कागद डॉरीनच्या आईच्या स्वयंपाकघरात छापला, बटाटा कोरून केलेल्या शिक्क्याने. कागद चिकटवताना आईने विचारलं होतं, "यावर वेग नाही लिहायचा?"

"कशाला?" मार्व म्हणाला. "कुणी काय कसं ऐकायचं, ते आपण नाही सांगायचं. हुकूम सोडायचे असते तर पोलिसात गेलो असतो."

हे तत्त्व तिघांना इतकं आवडलं की आईचा प्रश्न तिथेच बटाट्याच्या सालींबरोबर केराच्या टोपलीत गेला.

उन्हाळ्यात ते मार्वच्या काकाच्या व्हॅनमधून निघाले. आयोवात डब्यूक गावी एका तळघरात वाजवायचं होतं. तळघर भरलं होतं, आणि आलेल्या प्रत्येकाला सगळी गाणी पाठ होती. आपली गाणी परक्या गावात कुणी पाठ केली आहेत, हे तिला अजून नीट आठवतं, वासासकट. वेसने पहिली ओळ म्हटली. गर्दी तेवढ्यात तिसऱ्या ओळीवर पोचली होती.

पुढच्या रांगेतली एक केस भादरलेली मुलगी ओरडली, "अरे, कुणाची मयत आहे का? नीट वाजवा की."

"हा तो गाणारा नाहीच," दुसरा कुणी म्हणाला. "त्याचा आवाज चिमणीसारखा आहे."

वेसने मान वळवून डॉरीनकडे पाहिलं. तिघांनाही एकदमच कळलं. या पोरांनी तबकडी पंचेचाळीसवर ठेवली होती, म्हणून गाणी जलद आणि आवाज चिरका झाला होता, आणि तशीच ती त्यांना आवडली होती. सांगायला हवं होतं की तुम्ही चुकलात. पण ती तोंडं, ती वाट बघणारी तोंडं. डॉरीनने काठ्या एकमेकींवर आपटून चार मोजले, पूर्वी कधी मोजले नव्हते इतके भरभर. वेसने आवाज नाकात चढवला. तळघर उसळलं. गर्दी भोवऱ्यासारखी गोल फिरू लागली. मध्येच ती मुलगी खाली पडली, आणि डॉरीनला भीती वाटायच्या आत चार हातांनी तिला उचलून उभंही केलं होतं. असा नियमच होता तिथे. पडलेल्याला आधी उचलायचं, मग नाचायचं. कुणी लिहून ठेवलेला नव्हता.

त्या दिवसापासून वेट मिटन्सची गाणी तशीच वाजली. लोक लिहायचे की हा बँड घोड्यासारखा उधळतो, याचा गाणारा तारेवरच्या पाखरासारखा किंचाळतो. खरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. काही वर्षं व्हॅन, अनोळखी घरांच्या जमिनींवर झोप, कुणीतरी उकडून वाढलेल्या शेंगा. मग व्हॅन गेली, वेसला मुलगी झाली, आणि सगळ्या व्यवस्थेला लाथ मारायला निघालेला मार्व विमा विकू लागला. बँड मोडला असं कुणी म्हटलं नाही. फक्त पुढची तारीख ठरली नाही.

सरावापुरती तरी डॉरीन तयार झाली. शनिवारी ते हॉलमध्ये जमले, कोट घालूनच, कारण आत तोंडातून वाफ निघत होती. पहिल्याच गाण्यात डॉरीनच्या उजव्या हातातली काठी सुटून पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा तिने ती उचलली नाही.

मार्व बासची तार उगाच पिळत म्हणाला, "माझ्या ओळखीत एक पोरगी आहे. तरुण आहे. सगळी गाणी येतात तिला. म्हणजे, तू बस शेजारी, लोकांना हात कर..."

"विमा उतरवतोयस का माझा?"

"अगं, मी आपलं..."

"मार्व, गप्प बस जरा," वेस म्हणाला. आणि मग तिला, हळू, "नाही जमलं तर नाही. कुणी काही म्हणणार नाही."

हेच तिला नको होतं. कुणी काही म्हणणार नाही. गाणी ऐकायला येणाऱ्या लोकांनी तिला तिच्यापेक्षा वेगवान समजलं होतं, आणि त्यांच्या भरवशावर ती खरोखर तशी झाली होती. बेकरीत मळताना, आईच्या आजारपणात, प्रत्येक वाईट हिवाळ्यात तिने तो वेग आतून वापरला होता. त्याबदल्यात एकदा शेवटचं वाजवून द्यावं, एवढंच तिला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातांनी नाही.

"मी वाजवीन," ती म्हणाली. "पण तेहतीसवर."

वेसने गिटार गळ्यातून काढली. "डब्यूकमध्ये काय झालं आठवतं ना? ती रोंडा येणार आहे उद्या. मयत म्हणाली होती ती."

"मग आता वयाने तिला मयत कशी असते ते माहीत झालं असेल."

रविवारी दुपारी हॉल भरला. टकलं, पांढऱ्या वेण्या, बटणं न लागणारी जुनी कातडी जाकिटं पोटांवर ताणलेली, आणि काहींच्या बरोबर त्यांची मोठी झालेली मुलं. रोंडा पुढेच होती, केस अजून भादरलेले, कानात यंत्र. कुणी काही प्रस्तावना केली नाही. डॉरीनने काठ्यांवर चार मोजले. दोन आकड्यांच्या मध्ये एक श्वास मावत होता.

वेसने आपल्या खऱ्या, जाड आवाजात बसचं गाणं सुरू केलं. गर्दीने सवयीने तोंड उघडलं आणि ती धावत सुटली. वेस पहिल्या कडव्यात, गर्दी दुसऱ्यात. वेस दुसऱ्यात पोचतोय तोवर गर्दीने गाणं संपवून टाकलं होतं. शेवटची ओळ ओरडून ती सगळी माणसं हात वर करून थांबली आणि त्यांच्या लक्षात आलं की बँड अजून वाटेत आहे.

हॉल शांत झाला. डॉरीनने मान खाली घातली. आता कुणीतरी ओरडेल. ती वाजवत राहिली, कारण थांबणं त्याहून कठीण होतं. उजव्या अंगठ्यातून कळ खांद्यापर्यंत गेली. काठी सुटली नाही.

कुणीच ओरडलं नाही. ते वाट बघत होते. वर केलेले हात तसेच ठेवून ती माणसं वेसच्या तोंडाकडे बघत होती, एकेक शब्द येऊ देत होती. थांब्यावर उभी असलेली माणसं लांबून येणाऱ्या बसकडे बघतात तशी. बँड शेवटच्या ओळीपर्यंत आला तेव्हा त्यांनी ती ओळ पुन्हा म्हटली, या वेळी सगळ्यांनी मिळून, एकाच वेगात.

दुसऱ्या गाण्याला गर्दी पुन्हा गोल फिरू लागली. सावकाश. गुडघे सांभाळत. एक पाय जमिनीवर, एक हवेत. डॉरीनने वर पाहिलं आणि तिला ते गोल फिरणं ओळखीचं वाटलं. याच जमिनीवर, तिच्या वडिलांच्या तालावर, नवरीच्या आत्या आणि मामा असेच फिरायचे. तिच्या मनगटांच्या भोवती दुसरी मनगटं असल्यासारखी तिने उरलेली सहा गाणी वाजवली.

कार्यक्रम संपल्यावर ती मागच्या पायरीवर बसली, हात ताज्या बर्फात खुपसून. रोंडा शेजारी येऊन टेकली.

"इतकी वर्षं मी ती तबकडी चुकीच्या वेगाने लावली?"

"आम्ही छापलंच नव्हतं गं, कसं कळणार?"

"सांगायचं तरी."

"तुम्ही इतक्या जोरात गात होतात. कोण मध्ये बोलणार?"

रोंडा हसली. "तुझे ते ड्रम," ती म्हणाली. "मला वाटायचं घाबरून पळतायत. आज कळलं, नाचत होते."

डॉरीनने बर्फातून हात काढले, कोटाला पुसले आणि बेकरीतून आणलेला पोंच्कींचा खोका मांडीवर ओढला. दोऱ्याची गाठ तिनेच सकाळी मारली होती. बोटं गाठीवरून दोनदा घसरली. रोंडाने न विचारता हात पुढे केला, गाठ सोडवली आणि खोका उघडून आधी डॉरीनपुढे धरला.