आईचा गंधार

कार्यक्रमात माझी ओळख करून देणाऱ्याला दर वेळी धाप लागते. आधी गाण्याची तालीम, मग मानसशास्त्रातली डॉक्टरेट, मग पुन्हा गाणं. शेवटी तो हमखास म्हणतो, "दोन्हींचा किती सुंदर संगम!" हा संगम शब्द ऐकला की मला उठून जावंसं वाटतं. नागपूरची आत्या याच प्रकाराला 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणायची, आणि खरं सांगते, ते मला कमी बोचायचं.

संध्याकाळी मी गाते, शिकवते. दिवसाचं माझं काम म्हणजे पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना गाण्याच्या वाटेने बोलतं करणं. बोलणं गेलं तरी गाणं पुष्कळदा शाबूत राहतं. ज्याला 'पाणी दे' म्हणता येत नाही, त्याला तेच दोन सुरांत गाता येतं. मी समोर बसते, त्याच्या डाव्या हातावर प्रत्येक अक्षराला हलकी थाप देते आणि गाते. हळूहळू तो सोबत येतो. मग मी माझा आवाज काढून घेते, त्यानंतर चालही. उरतं ते बोलणं. कोलकात्यात हे सगळं बंगालीत आणि हिंदीत चालतं. मराठी पेशंट मला कधी मिळाला नव्हता. मिळाला तो घरातच.

बेहालाच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका सकाळी पोहे भिजवता भिजवता आई ओट्यापाशी कोसळली. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण तोंडातून एक 'ते... ते' सोडून काही निघेना. मी रडले नाही. उलट दवाखान्याच्या बाकावर बाबांना म्हणाले, "घाबरू नका, हे तर माझंच काम आहे." मला एवढंच हवं होतं की तिने पुन्हा बोलावं. मी दारात चपला काढतानाच ती विचारायची, "जेवलीस का?" दुपार असो, संध्याकाळ असो, पोट भरलेलं असो. इतकी वर्षं मी त्यावर वैतागत आले होते.

घरी आणल्यावर मी तिच्यासमोर बसले. तिचा डावा हात हातात घेतला आणि 'पाणी दे' गायला लागले. आईने ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने हात सोडवून घेतला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला. बालीगंजचे एक रिटायर्ड मॅनेजर माझ्यासोबत गायले होते, एक ट्राम कंडक्टर गायला होता. माझी आई गाईना. सुरुवातीचे दिवस हातचे गेले तर पुढे कठीण होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं वाटून मी चिडले, चिडून बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

बाबा मागून आले. रेल्वेतला माणूस, जेवढ्यास तेवढं बोलणारा.

"ती तुझ्यासमोर नाही गायची," ते म्हणाले.

"का पण?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मी लहान असताना बाबांची बदली होऊन आम्ही कोलकात्याला, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आलो आणि मला बालीगंजला एका बाईंकडे गाण्याला घातलं, तेव्हा बाईंनी आईला बजावलं होतं, "देखिए दीदी, बच्ची का कान अभी कच्चा है. घर में कुछ भी बेसुरा उसके कान में नहीं पड़ना चाहिए." त्या दिवसापर्यंत आई दिवसभर गुणगुणायची म्हणे. पोळ्या लाटताना, धुणं वाळत घालताना, सूर सोडूनच, पण आनंदाने. त्या दिवशी तिने तोंड मिटलं. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीलाही ती नुसत्या टाळ्या वाजवायची आणि ओठ हलवायची. मला वाटायचं, आईला गाण्याची आवड नाही. आईच्या गुणगुणण्याचा मुलांच्या कानावर काय परिणाम होतो, यावर मी प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

"पण बाबा, आता माझा कान काय बिघडणार आहे?"

"हे तुला कळतं. तिच्या हाडीमाशी खिळलंय ते."

मी आत जाऊन तिला सगळं समजावलं. आई, आता गा, कशीही गा. तिने नीट ऐकून घेतलं, डाव्या हाताने माझा गाल थोपटला आणि ओठ पुन्हा मिटले.

मग मी बाबांना शिकवलं. बाबांचा सूर म्हणजे मालगाडीचा ब्रेक. पालथ्या घड्यावर पाणीच ते, पण थाप कशी द्यायची, कुठे थांबायचं एवढं त्यांनी घोकून घेतलं. मी घराबाहेर पडले की ते तिच्यापाशी बसायचे. काही विचारलं की म्हणायचे, "चाललंय."

एका संध्याकाळी रियाझाचा वर्ग लवकर सुटला. किल्लीने दार उघडलं तर आतून बाबांचा आवाज आला. आणि त्यामागून, थांबत, ओढत, दुसरा.

जेव... लीस... का.

'पाणी दे' नव्हतं ते, 'पाय दुखतो'ही नव्हतं. मी बाबांना शिकवलेल्या वाक्यांत हे नव्हतंच. हे त्यांनी निवडलं होतं, किंवा तिने. 'जेव' हे 'सा'वर होतं, 'लीस' वर गंधारावर जायचं होतं आणि 'का' पुन्हा खाली यायचं होतं. आईचा गंधार शुद्धही नव्हता आणि कोमलही नव्हता, मधेच कुठेतरी लटकत होता. तिने तो पुन्हा तिथेच लावला, आणि पुन्हा.

मी चपला हातात धरून पॅसेजमध्ये उभी राहिले. हाक मारली असती तर ती गप्प झाली असती. "नाही गं, अजून नाही जेवले," एवढं उत्तर माझ्या तोंडाशी येऊन थांबलं. मग मी पावलं न वाजवता बाहेर गेले आणि बेल वाजवली. आत गेले तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, चाल गळेल, शब्द उरतील, मग ती समोर विचारेल. दुसरा झटका त्याआधीच आला. आई गेली.

आता घरी आले की मी पॅसेजमध्ये थांबते आणि तेच 'जेवलीस का' तिच्यासारखं म्हणून पाहते. सा लागतो. पुढे तिचा गंधार लावायला जाते, आणि माझा तयार गळा दर वेळी शुद्ध गंधारावर जाऊन बसतो. कितीही रियाझ केला तरी तिचा सूर लागत नाही.