साडूंचा खाकरणारा कॅमेरा

आमच्या साडूंइतका परवानगी मागणारा माणूस उभ्या खानदेशात झाला नाही आणि आता होणारही नाही. हे मी साडू या नात्याने सांगतोय. एक साडू दुसऱ्याची स्तुती करतो तेव्हा ती खरी मानायला हरकत नसते, कारण त्यात त्याचा काडीचा फायदा नसतो, झाला तर घरी त्रासच होतो. आमच्या सौभाग्यवतींच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. धुळ्याला त्यांचं मोटारी भरून देण्याचं दुकान होतं. खेड्यापाड्यांतून विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांत नवी तांब्याची तार भरून हे परत पाठवायचे. मोटार खोलण्याआधी तिच्यावर हात ठेवून "उघडू का?" असं विचारत. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, ती काय उत्तर देणार?" तर म्हणाले, "उत्तर देत नाही म्हणून विचारायचंच नाही का?" कप्पाळ! मी चहाचा दुसरा कप मागितला.

जुन्या वळणाची पुरुषमंडळी बायका बसलेल्या असतील तिथे शिरण्याआधी खाकरतात. सुनाबाळींना पदर सावरायला तेवढा वेळ मिळतो. रीत चांगलीच आहे. पण साडू रिकाम्या खोलीत शिरतानाही खाकरायचे. न्हाणीघरात जाताना खाकरायचे, आणि आत आपणच जाणार आहोत हे ठाऊक असूनही क्षणभर थांबायचे. एकदा सकाळी दुकानाचं शटर उघडण्याआधी नेहमीसारखे खाकरले, तर आत चोर होता. तो मागच्या खिडकीतून तांब्याच्या तारेची दोन भेंडोळी घेऊन व्यवस्थित निघून गेला. गल्लीतल्या लोकांनी डोक्याला हात लावला. साडू म्हणाले, "बरं झालं. समोरासमोर आलो असतो तर त्याला केवढं ओशाळं वाटलं असतं."

दुसरी गोष्ट म्हणजे बिघडलेली वस्तू त्यांना बघवत नसे. आमच्या मुलीच्या बारशाला जळगावला आले, तेव्हा पाळणा हलवण्याऐवजी ते माळ्यावर चढून आमचा सहा वर्षं बंद असलेला पंखा खोलून बसले होते. बाळाचं नाव काय ठेवलं हे त्यांना संध्याकाळी कळलं. एका ठिकाणी ते श्राद्धाला गेले असताना भिंतीवरचं बंद घड्याळ चालू करून आले होते, आणि ते नेमकं गुरुजींच्या पिंडदानात टोले देऊ लागलं. "होत नाही" हा शब्द त्यांनी कधी गिऱ्हाईकाला ऐकवला नाही. आमच्या घरी इस्त्री बिघडली की सौभाग्यवती माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "ताईचं नशीब!" साडू नावाच्या माणसावर माझा राग असण्याची जी काही कारणं होती, त्यांतलं हे पहिलं.

नव्वद साल उलटून आठ-नऊ वर्षं झाली असतील. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला होता. तो दिवाळीत आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला, आणि त्याच्याबरोबर लिंबाएवढा एक कॅमेराही. साडूंनी पन्नाशीत कॉम्प्युटरचा क्लास लावला. वर्गात सगळी अकरावी-बारावीची पोरं. शिकवणाऱ्या सरांना मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. साडू दर वेळी हात वर करून विचारायचे, "सर, एंटर मारू का?" पहिल्या आठवड्यात सर हसले, दुसऱ्या आठवड्यात कंटाळले आणि तिसऱ्या आठवड्यात साडूंना कायमची लेखी परवानगी देऊन मोकळे झाले. तो कागद साडूंनी जपून ठेवला होता.

त्याच फाल्गुनात आमच्या मेहुणीबाई गच्चीच्या जिन्यावरून पडल्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणायचो. अक्कांचे उडदाचे पापड सुरतेपर्यंत जायचे. मागच्या पडवीत गल्लीतल्या पाच-सहा बायका उन्हाळाभर पापड लाटायच्या आणि अक्का त्यांच्यात उभ्या राहून राज्य करायच्या. पीठ किती कुटायचं, तेलाचा हात किती लावायचा, लाटी तुटते की ताणते, सगळं अक्कांच्या बोटांवर. आता डॉक्टरांनी सांगितलं, कंबरेला मार आहे, तीन महिने पाठ टेकून पडून राहायचं, उठून बसायचंसुद्धा नाही. ऐन पापडांच्या दिवसांत! मी भेटायला गेलो तेव्हा मधल्या खोलीत अक्का खाटेवर पडल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी एकेक बाई पिठाचे हात घेऊन आत येत होती. "अक्का, पीठ बराबर शे ना?" अक्का लाटी ओढून बघायच्या, ओरडायच्या, बाई जायची, दुसरी यायची. खोलीभर पीठ, उशीवर पीठ, औषधाच्या बाटलीवर पीठ. अक्का वैतागून म्हणाल्या, "मला इथून नुसतं दिसलं असतं ना, तरी पुरे होतं. जीव नको केलाय बायांनी!"

साडूंनी हे ऐकलं. बायकोने मागितलेलं ते बहुधा पहिलंच यंत्र असावं. दुकान पंधरा दिवस अर्धा वेळ बंद राहिलं. कॉम्प्युटर अक्कांच्या खाटेशी आला आणि भिंतीला भोक पाडून कॅमेरा पडवीत गेला. पण तो एकाच दिशेला बघणारा, त्याला फक्त उखळ दिसायचं. मग साडूंनी मोडक्या प्रिंटरमधल्या दोन छोट्या मोटारी काढल्या. एक कॅमेऱ्याला डावी-उजवीकडे वळवणार, दुसरी वर-खाली. प्रिंटरची वायर कॉम्प्युटरला जिथे लागते तिथूनच त्या मोटारींना हुकूम सोडायचा, आणि हुकूम सोडणारा प्रोग्राम स्वतः लिहायचा, असा बेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी साडू असल्यामुळे मान डोलावत होतो.

पहिल्या चाचणीत कॅमेरा थोडासा वळायच्या ऐवजी गरागरा फिरला, स्वतःच्याच वायरीने गळा आवळून घेतला आणि अर्धा दिवस भिंतीकडे तोंड करून बसला. मग डावं-उजवं कुणाचं, यावर वाद झाला. पडद्यावर "डावीकडे" असं बटण होतं, पण ते बघणाऱ्याचं डावं की समोर बसलेल्या बायकांचं? अक्का म्हणाल्या, "मला डावं-उजवं सांगू नका. मला परात बघायची असते." हे साडूंना एकदम पटलं. त्यांनी बाणबिण काढून टाकले आणि चार मोठी बटणं केली: परात, उखळ, खाट, दार. खाट म्हणजे पापड वाळत घातलेली खाट. परात दाबलं की कॅमेरा परातीकडे. पुण्याच्या मुलाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, कंपनीत असं कुणी करत नाही. साडू म्हणाले, "त्यांच्याकडे परात नसेल."

अक्का पडल्या पडल्या चालवणार म्हणून माऊस त्यांच्या उशाशी पोळपाटावर ठेवला. पोळपाटावर काहीही फिरवायला अक्कांना शिकवायची गरज नव्हती, दोन मिनिटांत हात बसला. फक्त एक अडचण होती. कुठलंही बटण दाबलं की पडद्यावर आधी प्रश्न यायचा: "कॅमेरा फिरवू का?" खाली दोन चौकोन, "हो" आणि "थांबा". अक्का कातावल्या, "दाबलंय ना मी! मग विचारतंय काय मेलं पुन्हा पुन्हा!" प्रोग्राम कुणी लिहिलाय हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून फार बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी साडूंनी तो प्रश्न जड मनाने काढून टाकला.

आणि तिथेच घोटाळा झाला. शेजारच्या सुमनबाई पदर बाजूला सारून घाम पुसत होत्या. कॅमेरा न बोलता त्यांच्याकडे वळला. "माय वं! हाऊ डोया मन्हाकडे काय दखी राह्यना!" असं ओरडून सुमनबाई उठल्या. पाठोपाठ बाकीच्याही उठल्या. असं चोरून बघणारं यंत्र असेल तर आम्ही येत नाही, म्हणाल्या. साडूंचा चेहरा पडला. जन्मात ज्याने न खाकरता उंबरा ओलांडला नाही, त्याच्या हातून न खाकरणारी वस्तू घडली होती. दुपारी जेवले नाहीत. चार वाजता कॉम्प्युटरपुढे बसून, माईक तोंडाशी धरून त्यांनी वीस-पंचवीस वेळा खाकरून घेतलं, त्यातलं सर्वांत सभ्य खाकरणं निवडलं आणि पडवीत एक स्पीकर टांगला. आता अक्कांनी बटण दाबलं की आधी स्पीकरमधून साडू खाकरायचे, मग तीन आकडे मोजण्याइतकी उसंत, मग कॅमेरा वळायचा.

बायका लगेच कामाला परत आल्या. खाकरणं ऐकू आलं की सगळ्या जणी एकदम पदर सावरायच्या. एक नवी सून तर चक्क उठून उभी राहायची. तोटा एकट्या साडूंचा झाला. ते खरोखर पडवीत यायला निघाले आणि खाकरले, की बायकांना वाटायचं कॅमेरा आहे, आणि कुणी वळूनही बघत नसे. शेवटी त्यांना टाळ्या वाजवत आपल्याच घरात शिरावं लागलं. गल्लीतली माणसं यंत्र बघायला येऊ लागली. साडू लाजत लाजत दाखवायचे. मला वाटतं, त्या महिन्यात ते जेवढे खूश होते तेवढे आपल्या लग्नातही नसतील. लग्नात मी वऱ्हाडी म्हणून हजर होतो, म्हणून सांगतो.

वैशाखात मी पुन्हा धुळ्याला गेलो. एसटीतून उतरून घरी पोचलो, तर मधली खोली लख्ख. उशी पांढरी, बाटल्या ओळीत, पिठाचा कण नाही. आणि खोलीत चिटपाखरू नाही. अक्का पडद्याकडे बघत पडल्या होत्या. बायका आता पीठ कॅमेऱ्यापुढे धरायच्या, लाटी ताणून दाखवायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. आत यायचं कुणाला कारणच उरलं नव्हतं. "अक्काले बठ्ठं दिसस," असं सुमनबाईंनी मला कौतुकाने सांगितलं. सगळं दिसायचं खरं, पण ऐकू काहीच यायचं नाही. पडद्यावर बायका कशावरून तरी खो खो हसत होत्या. अक्का पोळपाटावरचा माऊस धरून त्यांचे हलणारे ओठ बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "भाऊ, काय हसताहेत ते जरा बघून या ना."

मी जाऊन आलो आणि सांगितलं. कुणाच्या तरी जावयाची गोष्ट होती, मी सांगितल्यावर तिच्यात हसण्यासारखं काही राहिलं नाही. अक्का "बरं" म्हणाल्या आणि भिंतीकडे बघू लागल्या. साडू दारात उभे होते, त्यांनी हे सगळं ऐकलं. मी आपला शहाणपणा पाजळला, "साडूभाऊ, पडवीतला आवाज इकडे आणायची सोय करा की! तुम्हाला काय अवघड?" ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत, अक्कांच्या पांढऱ्या उशीकडे बघत राहिले. मला जरा रागच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जेवायला गेल्या होत्या, तेवढ्यात कॅमेरा बंद पडला. पडदा काळा. साडूंनी उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि सगळ्यांना जाहीर केलं, "मोटारी जळाल्या. कॅमेराही गेला. होत नाही." मी उभ्या जन्मात हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तासाभरात सुमनबाई पिठाचा गोळा घेऊन आत आल्या, "कॅमेरा आंधया व्हई गया का वं अक्का?" मागून नवी सून आली, तिच्यामागून आणखी दोघी. लाट्या आल्या, जावयाची गोष्ट पहिल्यापासून आली. अक्कांनी सगळ्यांना यथास्थित झापलं. संध्याकाळपर्यंत उशीवर पीठ होतं.

गल्लीने मात्र साडूंना सोडलं नाही. अख्ख्या तालुक्याच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातली अंगठ्याएवढी मोटार भरता येईना! पानाच्या टपरीवर लोक साडूंना विचारायचे, "काय नाना, मिळाला का पार्ट?" साडू म्हणायचे, "नाही ना मिळत." गिऱ्हाइकंसुद्धा हसायची. मीही हसलो. जळगावला येऊन सौभाग्यवतींना मुद्दाम दोनदा सांगितलं. कधी नव्हे ती संधी मिळाली होती, का सोडा?

अक्का आषाढात काठी धरून चालू लागल्या. पापड पुढेही बरीच वर्षं सुरतेला जात राहिले. साडूंना जाऊन आता चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी धुळ्याला गेलो होतो. बोलता बोलता तो कॅमेरा निघाला, आणि मी म्हटलं, "एवढी एकच वस्तू त्यांच्याच्याने दुरुस्त झाली नाही, नाही का?"

अक्का हसल्या. "बिघडली कुठे होती भाऊ? मी बघतच होते की तेव्हा पडद्यावर. पडवी रिकामी. एकदम अख्ख्या पडद्यावर यांचं तोंड आलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हात घातला वायरीला."

"मग त्यांना कधी बोलला नाहीत?"

"रोज विचारायची ना. झाला का हो दुरुस्त? म्हणायचे, पार्ट मिळत नाही. मी म्हणायची, बरं." अक्कांनी माझ्यापुढे पापडाची ताटली सरकवली. मग म्हणाल्या, "तोवरच्या तीस वर्षांच्या संसारात त्यांचं तोंड दिवसाउजेडी इतक्या जवळून मी तेव्हाच पाहिलं, भाऊ. किती थकलेलं दिसत होतं. कपाळाला पीठ लागलं होतं. पुसायला मी हात पुढे केला, तेवढ्यात त्यांनी वायर ओढली."