न पिता झिंगलेला फरशीवाला

आमचे हे फरशी बसवतात, बत्तीस वर्षं झाली. फरशी बसली की चपला काढायच्या, डोळे मिटायचे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं, ही यांची पद्धत. उतार तळपायाला कळतो म्हणे. पातळी दाखवणारी ती बुडबुड्याची पट्टी लावायची, ती निव्वळ घरमालकाच्या समाधानासाठी.

दोन वर्षांपूर्वी एका नव्या घरात हे असेच चालले आणि मध्येच भिंत धरून उभे राहिले. म्हणाले, "फरशीला उतार आलाय." बुडबुडा बरोबर मध्यावर आहे, असं हाताखालची माणसं दाखवत होती. ऐकतील तर शपथ! साठ फरशा उखडल्या, निम्म्या फुटल्या. पुन्हा बसवल्या, पुन्हा चालले, आणि या वेळी आडवेच झाले.

ठेकेदार सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, सकाळीच लावून आलात की काय?"

झालं! खोकल्याचं औषध घेतानाही तोंड वाकडं करणारा माणूस गावभर बेवडा ठरला. काम गेलं. नणंदेचा फोन आला, "वहिनी, जरा लक्ष ठेव गं दादावर." सासूबाईंनी सगळं खापर माझ्यावर फोडलं. आणि मी तरी काय शहाणी? रोज संध्याकाळी दारातच यांचं तोंड हुंगायची. चहाशिवाय कसलाही वास यायचा नाही, तरी हुंगायची. त्याची लाज अजून वाटते.

हे सांगत होते, कूस बदलली की पलंग फिरतो, खाली वाकलं की जमीन अंगावर येते. एक डॉक्टर म्हणाला पित्त, दुसरा म्हणाला मान, तिसऱ्याने ताकदीच्या गोळ्या दिल्या. कानाचं नाव एकानेही काढलं नाही.

शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी यांना आडवं केलं, मान पलंगाच्या कडेखाली सोडून वळवली आणि डोळ्यांकडे बघत राहिल्या. बुबुळं थरथरत होती.

"आतल्या कानात धुळीएवढे खडे असतात. ते भलत्या नळीत शिरलेत," त्या म्हणाल्या. "डोळे मिटले की तोल बराचसा कानावरच. आणि तुमचा कान खोटं सांगत होता."

"म्हणजे फरशी सरळच होती?" यांनी विचारलं.

बाईंनी डोकं ठरावीक क्रमाने वळवलं. दहा मिनिटं. आठवड्याने आणखी एकदा, आणि भोवंड बंद! मी तिथेच रडले, आनंदाने नव्हे, संतापाने. दहा मिनिटांच्या इलाजासाठी दोन वर्षं माणसाची अब्रू वेशीला टांगली होती.

बाईंचा कागद घेऊन आम्ही दोघं ठेकेदाराकडे गेलो. त्याने कागदाची घडीसुद्धा उलगडली नाही. यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सोडलीत ना? शाब्बास! उद्यापासून या. पण आता पुन्हा हात लावायचा नाही हं."

मी तोंड उघडणार, तोच यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"नाही लावणार, साहेब," हे म्हणाले.