आडवा सात, उभा तीन

स्टाफरूममध्ये चहाचे कप रोज धुतले जातात, किस्से मात्र तसेच साठत जातात. हिंगोलीतल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात ते एकाच टेबलावर साठलेत. मधल्या सुट्टीत तिथं आम्ही तिघं पेपरातलं शब्दकोडं सोडवतो. मी मराठीचा, शिंदे सर गणिताचे आणि राठोड मॅडम फिजिक्सच्या. नियम एकच, पेनानं लिहायचं आणि खोडायचं नाही!

*

नियम मॅडमचा. पीएचडीच्या पहिल्या मुलाखतीत त्यांच्या समीकरणाला दोन उत्तरं आली, एक धन, एक ऋण. मॅडमनी सवयीनं ऋण उत्तर खोडलं. समोरून प्रश्न आला, "का खोडलं?"

"नेहमी खोडतातच, सर," मॅडम म्हणाल्या. प्रवेश हुकला तो हुकलाच.

*

आता वर्गात कुणी ऋण उत्तर खोडलं की मॅडम तिथंच थांबतात. "काहून खोडलं गं? एका शास्त्रज्ञानं असंच उत्तर ठेवलं, म्हणून प्रतिकण सापडला, कणाचा उलटा जुळा!"

एक मुलगी उठून म्हणाली, "मंग माझा चाचणीचा पेपर बी न खोडता ठेवा की मॅडम, काहीतरी सापडंल!"

मॅडम पोटभर हसल्या. मार्क दिले नाहीत.

*

एकदा कोडं काही केल्या सुटेना. शिंदे सर खडू घेऊन फळ्यापाशी गेले आणि तास बुडेपर्यंत मांडत राहिले. "आडवा सात अन् उभा तीन एकदम बसूच शकत न्हाईत. उत्तर न्हाई, हेच उत्तर!"

आम्ही त्यांची भरपूर खेचली. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली, 'कालचं कोडं चुकीचं छापलं गेलं. क्षमस्व.' सरांनी ते कात्रण भिंतीला चिकटवलं. अजून आहे.

*

मॅडमची दुसरी मुलाखतही गेली, तिसरीही गेली. दर वेळी एसटीतून उतरून त्या थेट टेबलाशी यायच्या.

मला राहवलं नाही. "मॅडम, बास करा आता. किती तकलीफ घेता?"

त्यांनी मान वर केली नाही. "अर्धं कोडं टाकून उठलेलं पाह्यलं का मला कधी?"

मला वाईट वाटलं, आणि अभिमानही.

*

चौथ्या खेपेला यादीत नाव लागलं! मॅडमच्या आईनं तांड्यावरून लाडू पाठवले. खाता खाता मी विचारलं, "या टायमाला काय झालं हो?"

"दोन कणांच्या टकरीचं गणित दिलं. ऊर्जा जुळवली की संवेग जुळेना, संवेग जुळवला की ऊर्जा. तीनदा केलं. मंग भिंतीवरचं कात्रण आठवलं. म्हणलं, 'सर, याला उत्तरच न्हाई,' अन् फळ्यावर सिद्ध करून दाखवलं."

"मग?"

"त्यांनी प्रश्नाचा कागद पाह्यला. म्हणाले, 'खरंय, आमचा आकडा चुकीचा छापलाय.'"

"आणि तुम्ही?"

"मी म्हणलं, 'मंग क्षमस्व उद्याच्याला छापता का, सर?'"