दाभोशाच्या माळावरचं थर्माकोलचं विमान

जव्हारजवळ दाभोशाच्या माळावर थर्माकोलचं विमान उडवणारा तो मला एकदाच भेटला. मुंबईत विमानतळाशेजारी बांधकामावर असताना त्याला हा नाद लागला. ‘विमानतळाजवळ असलं काही उडवायचं नाही’ म्हणून तिथल्या पोलिसाने पहिलं विमान काढून घेतलं, हेही त्याने हसतच सांगितलं. मान वाकडी करून सगळं आभाळ न्याहाळल्याशिवाय तो रिमोटला हात लावत नव्हता.

मी माझा ड्रोन काढला, तसा त्याने हात आडवा धरला.

“आता नको, दादा. इथंबी विमानतळ हाय.”

“जव्हारात? विमानतळ?” मला हसू आलं.

त्याने सागाच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. काटक्यांच्या घरट्यात घारीची दोन पिल्लं चोची वासून बसली होती.

“त्यांची आय उतरायची हाय.”

मी ड्रोन पिशवीत घातला आणि त्याच्याशेजारी गवतात बसलो.

घार अर्धा तास लेट होती.