मामाचा मिटलेला डोळा

या जगात खात्रीनं सरळ अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे माझ्या मोठ्या मामाची नजर, असं माझ्या मोठ्या मामाचं मत आहे. बाकी सगळं थोडंफार कललेलं. आमच्या वाडीतला विजेचा खांब कललेला, शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावन कललेलं, नवीन पुलाचा कठडा तर बघवत नाही इतका कललेला. एकदा भाट्याच्या वाळूत उभा राहून त्यानं समुद्राकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "जयगडच्या अंगाला जरा उतार हाय." मामा सुतार. आमच्याकडे सुताराला मेस्त्री म्हणतात, आणि डावा डोळा मिटून, मान तिरकी करून, उजव्या डोळ्यानं फळीच्या कडेवरून पार टोकापर्यंत बघायचं ही सगळ्याच मेस्त्रींची रीत. पण बाकीचे मेस्त्री फळी खाली ठेवली की डोळा उघडतात. मामाला तेवढी फुरसत नसते.

मला बघायला दाभोळहून मंडळी आली तेव्हा मामा मुलाच्या बरोबर समोर बसला, डावा डोळा मिटला आणि मुलाला भांगापासून अंगठ्यापर्यंत न्याहाळू लागला. पोहे निवत चालले तरी डोळा उघडेना. ही आमच्याकडची पद्धत असेल असं समजून त्या मुलानं भांबावून आपलाही एक डोळा मिटला. दोघं तसेच बसून राहिले. मग मामा स्वयंपाकघरात आला आणि आईला म्हणाला, "पोरगा टणक हाय. डावीकडं कलतो जरा, पण लगीन झालं की लाकूड बसतं." त्याच मुलाशी माझं लग्न झालं. लाकूड अजून बसतंय.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी लपवत नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगते. पदवीचा कागद घरी आला तेव्हा आईनं तो देवापुढे ठेवला आणि मामानं उचलून कडेवरून बघितला. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. "ओळी सरळ हायत," तो म्हणाला, "म्हणजे खरा असनार." मग फणसाच्या लाकडाची अशी भक्कम चौकट त्यानं त्या कागदाला केली, की पदवी एकीकडे आणि चौकट एकीकडे ठेवली तर पाहुणे चौकटच बघतील. ती भिंतीला टांगायला मात्र दोन खिळे पुरले नाहीत.

असा हा माणूस हल्ली गर्विष्ठ झाला आहे, असं वाडीत बोललं जाऊ लागलं. डाव्या हाताला उभं राहून कुणी हाक मारली तर ओ द्यायचा, पण बघायचा भलतीकडे. एकदा मासेवाल्या मावशीच्या पाटीला धडकला आणि बांगडे रस्ताभर झाले. मावशी पाटी भरता भरता म्हणाली, "काय वो मेस्त्री, भाची शिकली तशी तुमाला मानसं दिसायची बंद झाली काय?" मामा मला म्हणाला, "ती बाजूनं येते गो. मानसानं कसं, समोरून यावं." पायरीवर ठेचकाळला तर पायरीच चुकीची बांधलेली असायची. हे सगळं मी हसून ऐकत होते, हे आधी कबूल करते.

कारण त्याला काचबिंदू आहे हे मला माहीत होतं. चष्म्याचा नंबर काढायला गेला तेव्हा डॉक्टरबाईंना तो सापडला होता. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नाही. डोळ्यातल्या दाबानं आतली नस कडेकडून मरत जाते, आणि दुखत काही नाही. रोज संध्याकाळी एकेक थेंब दोन्ही डोळ्यांत, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. त्या दिवशी मी जयगडच्या कचेरीतून अर्धी रजा काढायची आणि मामा दाढी करून, पांढरा सदरा घालून, वरपित्यासारखा तयार बसलेला असायचा. बाई दाब मोजायच्या आणि म्हणायच्या, "वा, छान आहे." मामा माझ्याकडे असा बघायचा की जणू त्याचाही निकाल लागला. पण बाजूच्या नजरेची ती दुसरी तपासणी प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट यायची. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून समोर बघत राहायचं आणि कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. मामा ठिपका न दिसताही दाबायचा. "यायचाच होता तो," हे त्याचं कारण. बाईंनी समज देऊन पुन्हा बसवलं, तर निकाल आणखी वाईट आला. गेल्या खेपेला त्या बराच वेळ कागद बघत होत्या. म्हणाल्या, "दाब इतका चांगला असताना नजर का घटतेय कळत नाही. असंच चाललं तर ऑपरेशन करावं लागेल. त्यानंही गेलेलं परत येणार नाही, फक्त उरलेलं राखायचं."

त्यानंतरच्या रविवारी मी त्याच्याकडे गेले. पडवीत तो माझ्यासाठी पुस्तकांचं कपाट करत होता. पेन्सिल शोधायला मी हत्यारांची पेटी उघडली, तर पॉलिशच्या डब्याशेजारी थेंबांची बाटली. उघडल्यावर महिन्यात संपवायची ती बाटली तीन महिन्यांनी अर्ध्याहून अधिक भरलेली. आणि तिच्यामागे आणखी एक, बाईंनी कधीच न दिलेली.

"मामा, हे रोज घालत नाहीस तू?"

"घालतो की. बाईंकडं जायच्या आदी चार दीस."

"चारच दिवस?"

"अगो, गिऱ्हाईक बघायला यायचं असलं की आदल्या दिवशी पॉलिश मारायचं. रोज कोन मारतंय?"

"आणि ही दुसरी?"

"भुसा जाऊन डोळं लाल होतात तेवा. दुकानदार देतो. दोन मिनटात पांढरं."

मी शांतपणे खाली बसले. मी विज्ञानाची पदवीधर. दर तीन महिन्यांनी त्या डॉक्टरबाईंसमोर बसून 'छान आहे' ऐकत होते आणि एकदाही बाटली बघायला मागितली नव्हती. मी म्हटलं, "मामा, नजर चाललीय तुझी." तो हसला. समोरची फळी उचलली, डावा डोळा मिटला, टोकापर्यंत बघितलं. "केसाएवडा बाक हाय, शेवटच्या वितीत. तुला दिसतो?" मला दिसत नव्हता. त्यानं फळी खाली ठेवली. "मग कोनाची गेली?"

"आता उजवा मीट," मी म्हटलं.

"मेस्त्री उजवा मिटत नाय."

"मीट तर खरा."

आयुष्यात पहिल्यांदाच करत असल्यासारखा त्यानं उजवा डोळा हातानं झाकला. समोर कपाटाची चौकट भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे बघत राहिला. मग चिडून म्हणाला, "खालची पट्टी कोनी काडलान?"

कुणीच काढली नव्हती. मी सांगितलं नाही. त्यानंच हात खाली केला आणि दोन्ही डोळ्यांनी बघितलं. पुन्हा झाकला, पुन्हा काढला. तिसऱ्यांदा झाकून तो चाचपडत पुढे गेला आणि न दिसणाऱ्या पट्टीवर बोटं ठेवली. मग म्हणाला, "हे पॉलिश नव्हं गो बाय. ही वाळवी."

दुसऱ्या दिवशी बाईंना त्यानं सगळं स्वतःच सांगितलं, पॉलिशसकट. त्या रागावल्या. थेंब चुकवले ते एक. आणि ते लाल डोळ्याचं औषध स्टिरॉइडचं होतं, त्यानं दाब उलट वाढतो, ते दुसरं. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाचे डोळे गेले होते का. मामा म्हणाला, "आमच्या बापसाचे. भुशानं." आणि बोलता बोलता थांबला. आजोबा शेवटी शेवटी पडवीत बसून फळीवरून तळवा फिरवायचे आणि रंधा कुठे चुकलाय ते सांगायचे. सगळे कौतुक करायचे. हात धरून कुणी त्यांना दवाखान्यात नेलं नाही. बाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडांनाही तपासायला आणा. म्हणजे माझ्या आईला. आईला सुरुवात होती. सुरुवातीलाच सापडलं म्हणून तिची नजर अजून सगळी आहे.

आता रोज संध्याकाळी सात वाजता आईला मामाचा फोन येतो. "घातलंस काय?" एवढंच. आईनं हो म्हटलं तरी त्याला पुरत नाही. कुठल्या डोळ्यात आधी घातलं, डोळा मिटून किती वेळ बसलीस, सगळं लागतं. आई कावते, पण सातच्या आत बाटली घेऊन बसलेली असते.

कपाट गेल्या महिन्यात घरी आलं. खालचा कप्पा डावीकडे उतरता आहे. पुस्तकं हळूहळू त्या बाजूला सरकतात. मामानं डावा डोळा मिटून बघितलं, मग मला म्हणाला, "सरळ हाय ना? खरं सांग." मी खरं बोलणारी बाई. म्हटलं, "डावीकडे कललाय, मामा." त्यानं खाली बसून कप्प्याच्या कडेवरून तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. मला आजोबा आठवले. "हां," तो म्हणाला. "कललाय." मग माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "असू दे. या घराला सवय हाय."

सात वाजले होते. आईला फोन झाला. मग त्यानं खिशातून बाटली काढली, खुर्चीत मागे रेलून बसला, आणि पापणी खाली ओढून वर बघत राहिला. थेंब पडला.

"सरळ पडला काय गो?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं. दोन्ही.

"सरळ पडला," मी म्हटलं.